प्रोफेसर टॉलिव्हर यांचे एकोणीस मार्क

एकोणऐंशी सालच्या त्या डिसेंबरात प्रोफेसर अल्मस टॉलिव्हर यांचा कशातच जीव लागेना. अलाबामातल्या त्यांच्या छोट्याशा कॉलेजातून सव्वीस वर्षांत अकरा काळी पोरं फिजिक्सच्या डॉक्टरेटपर्यंत पोचली होती. बारावी ठरणार होती व्हर्लीन पेटवे. उत्तरेतल्या बड्या विद्यापीठात तिला त्यांनीच धाडलं होतं, आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी आलेली ती परत गेलीच नव्हती. फोनही घेत नव्हती. शेवटी त्यांनी गाडी काढली. वाटभर भाषण घोकलं.

व्हर्लीन आईच्या पार्लरमध्ये एका बाईचं डोकं धूत होती.

"या, प्रोफेसरसाहेब!" तिची आई ओडेसा म्हणाली. "पण धुवायचं काय? केस तर राहिले नाहीत!"

बायका खिदळल्या. व्हर्लीन हसली नाही.

"मला नाही जमत, सर. शंभरात एकतीस पडले. तिथली मुलं गटानं अभ्यास करतात, जुने पेपर घेऊन. मी गेले की जागा नसते."

टॉलिव्हर खिडकीपर्यंत गेले, परत आले. घोकलेलं भाषण त्यांनी सोडून दिलं.

"मला एकोणीस पडले होते," ते म्हणाले.

"काय?"

"पहिल्याच परीक्षेत. मग घर गाठलं, वर्षभर मामाबरोबर भिंती रंगवल्या. तुम्हा पोरांना वर्गात सांगतो ना, पहिला आलो म्हणून? दुसऱ्या खेपेला पास झालो, तोही चौथा."



"म्हणजे चार वर्षं थापा मारल्यात?" व्हर्लीननं टॉवेल आपटला. "आणि मी समजत होते, खोट माझ्यातच आहे!"

"चुकलं माझं, पोरी."

"हवं तेवढं रागावून घे," ओडेसा लेकीला म्हणाली, "आणि बॅग भर. माझी गिऱ्हाइकं माझी मी बघेन."

सोमवारी व्हर्लीन गेली. तरी टॉलिव्हरना चैन नव्हतं. तिच्यापासून दोन तासांवर राहणारा त्यांचा जुना विद्यार्थी रूफस गेदर याला त्यांनी फोनवर अक्षरशः पिडलं. तो दर रविवारी तिच्याकडे जाऊन अभ्यासाला बसू लागला. इकडे टॉलिव्हर फोनभोवती येरझारा घालत.

मे महिन्यात तिचा फोन आला. "पास झाले. काठावर."

टॉलिव्हर फोनशेजारच्या खुर्चीत बसले.

"सर, नव्या पोरांना खरं सांगितलंत?"

"सांगितलं. दोघं विषयच सोडून गेले."

"आणि बाकीचे?"

"सातजण आहेत. रोज माझं डोकं खातात."