समुद्र नसलेला बाक

"माझ्या तासाला मूल झोपत नाही. झोपून दाखवावं कुणी!" असं म्हणत इतिहास-भूगोलाच्या बाईंनी खडूचा डबा शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर असा आपटला, की दोन खडू उडून गणिताच्या सरांच्या चहात पडले.

गणिताचे सर शांत माणूस. त्यांनी चमच्यानं खडू बाहेर काढले, दोनच आहेत ना याची खात्री केली आणि म्हणाले, "नाही ना झोपत? मग प्रश्नच मिटला. तपासनीस येणारेत, म्हणून आपलं विचारलं."

"येऊ देत की! पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळे डोळे माझ्यावर असतात."

एवढ्यात शिपाईमामांनी दारातून मुंडकं आत घातलं. "बाई, तुम्ही इकडे खडू घ्यायला आलात आणि तिकडे सातवी ब मधला ढब्बू बाकावरून खाली पडला."

"अगं बाई! लागलं का त्याला?"

"ते उठल्यावर कळेल. अजून घोरतोय."

गणिताचे सर चहाकडे बघत राहिले. हसले नाहीत. त्यांचं ते न हसणंच बाईंना जास्त झोंबलं.

बाई सहा वर्षं तात्पुरत्या होत्या. शाळा उघडली की नेमणूक व्हायची, शाळा संपली की नेमणूकही संपायची. घरी सासूबाई रोज संध्याकाळी, माणूस 'चहा घेतलास का' विचारतो त्या सुरात विचारायच्या, "झालीस का गं कायम?" एकदा तर शेजारणीला त्यांनी काळजीनं सांगून टाकलं, "आमची सून तात्पुरती आहे हो." त्यानंतर महिनाभर ती शेजारीण बाईंच्या नवऱ्याकडे संशयानं बघत होती.

यंदा मात्र पदं कायम करायची यादी निघणार होती. तपासनीस येणार, वर्ग बघणार, अहवाल लिहिणार. तो अहवाल त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत शिक्षण कचेरीत पोहोचला, तर बाईंचं नाव यादीत. नाही पोहोचला, तर पुढची यादी कधी निघेल ते कचेरीलाही माहीत नव्हतं. हातात होते दोन आठवडे, आणि वर्गात होता घोरणारा ढब्बू.

उपाय सुचला तो कपाटापाशी. बाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवत होत्या, तर सासूबाई मागून म्हणाल्या, "हा टॉवेल काढ. माझ्या कप्प्यात आलाय."

"आई, चार बोटं तर आलाय."

"आज चार बोटं, उद्या अख्खी चादर. अशानंच जातात कप्पे हातचे."

बाई टॉवेल हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आफ्रिकेची वाटणी मुलांना तीन दिवस समजावली होती. कुणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती. सासूबाईंनी ती चार बोटांत समजावली. "आई, तुम्ही ग्रेट आहात," बाई म्हणाल्या. सासूबाईंनी टॉवेल आपल्या हातानं काढून बाहेर ठेवला, कारण कौतुकानं सीमा बदलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सातवी ब च्या फरशीवर खडूच्या रेघा ओढल्या गेल्या. चोवीस मुलं, चोवीस बाक, चोवीस देश. नकाशात उत्तर वर असते, म्हणून फळा ती उत्तर धरली. वर्गाला दार एकच. दाराबाहेरचा व्हरांडा म्हणजे समुद्र. पिण्याच्या पाण्याची टाकी, मुतारी, खेळाचं मैदान, सगळा व्यापार समुद्रापलीकडे. दाराजवळचा बाक ढब्बूचा, म्हणून तो चिली. त्याच्या मागच्या, भिंतीला चिकटलेल्या बाकावर बसायची मुंगी. एवढीशी, चष्म्यातून बघणारी, 'हजर' म्हणाली तरी दोनदा गैरहजर लागणारी. ती बोलिव्हिया.

"बाई, माझ्याकडे समुद्र का नाही?" मुंगीनं विचारलं.

"होता. दीडशे वर्षांपूर्वी लढाई झाली, त्यात चिलीकडे गेला."

"पण मी तर आत्ताच बसलेय."

"देशांचं असंच असतं," बाई म्हणाल्या आणि नियम सांगितला. "तह झाल्याशिवाय कुणी कुणाची रेघ ओलांडायची नाही. इतिहासात मध्येच 'थांबा, मला खेळायचं नाही' असं म्हणता येत नाही. नियम म्हणजे नियम. मलासुद्धा लागू."

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण बाई रंगात आल्या होत्या.

पहिल्याच दिवशी एकही मूल झोपलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीतही कुणी झोपेना, कारण सैन्य हलवायचं होतं. डब्यांवर जकात बसली. मंगोलियानं खोडरबराची निर्यात बंद केली. वर्गातली एक तिखट मुलगी, जिला सगळे वकीलबाई म्हणत, तिनं बाक सोडून तह लिहून द्यायचा धंदाच उघडला. गणिताचे सर आपल्या तासाला आले, तर ढब्बूनं हात आडवा केला.

"कुठले आपण?"

"अरे मी गणिताचा."

"तो देश आमच्या यादीत नाही, सर."

सरांनी तो तास दारातून घेतला. फळा दिसत नव्हता, म्हणून तोंडी घेतला. नंतर शिक्षकांच्या खोलीत ते म्हणाले, "बाई, तुमच्या राज्यात मुलं जागी आहेत खरी. पण मी व्हरांड्यात आहे त्याचं काय?"

"तुम्ही भर समुद्रात आहात, सर. पोहत राहा," बाई म्हणाल्या. सरांच्या त्या दिवशीच्या न हसण्याचं उट्टं त्यांनी असं फेडलं.

आठव्या दिवशी मात्र गंमत अंगाशी आली. बाई तिसऱ्या तासाला वर्गात आल्या तर मुंगी बाकावर घोट्यावर घोटा आवळून बसलेली, हातात तीन कागद. मुतारीला जायचं होतं. ढब्बूनं अर्ज मागितला. तिनं दिला. त्यानं तीन प्रती मागितल्या. तिनं त्याही दिल्या. मग ढब्बूनं जाहीर केलं की अधिकारी जेवायला गेलेत, आणि तिच्यासमोरच डबा उघडून बसला.

"ढब्बू! आधी तिला जाऊ दे!"

"बाई, तुम्हीच म्हणालात नियम तुम्हालाही लागू."

बाईंनी रेघ पायानं पुसली आणि मुंगी तीरासारखी सुटली. वेळेत पोहोचली, पण जेमतेम. परत आली तेव्हा चष्मा हातात होता आणि नाक लाल. तात्पुरत्या माणसानं दुसऱ्याच्या दारात अर्ज घेऊन उभं राहणं म्हणजे काय, ते बाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्या मुंगीच्या बाकाशी खाली बसल्या. "चुकलं माझं. आजपासून हा खेळ बंद. सगळ्या रेघा पुसू."

मुंगीनं नाक पुसलं, चष्मा चढवला. "नको ना बाई."

"का गं?"

"आत्ता बंद केला तर ढब्बू जिंकला असं होईल. मला तह करायचाय."

बाईंना तिच्या वहीत 'शाबास' लिहावंसं वाटलं, पण वहीची पानं अर्जांत संपली होती.

तह तीन दिवस चालला. वकीलबाईंनी कलमं लिहिली. मुंगीला दारापर्यंत कायमचा रस्ता, दिवसातून कितीही वेळा, कारण न विचारता. बदल्यात ढब्बूच्या वहीतले नकाशे ती रंगवून देणार. ढब्बू सही करायला तयार होईना. तेव्हा मुंगीनं रंगपेटी उघडून त्याच्यासमोर फक्त निळा रंग बाहेर काढला आणि म्हणाली, "तुझा समुद्र अजून पांढराच आहे." ढब्बूनं सही केली. मग स्वतःहून बाक एक वीत पुढे सरकवला आणि पुटपुटला, "जा की. मी काय तुला त्रास द्यायला बसलो होतो का? डब्यात बटाटे होते, गार होत होते."

चौदाव्या दिवशी तपासनीस आले. बाहेरगावचा माणूस. स्टेशनवरून थेट शाळेत आलेला, काखेत फाईल, चेहरा जप्तीला आल्यासारखा. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांना तासाच्या मध्यावर घेऊन येणार होत्या. पण तपासनीस एकटेच दहा मिनिटं आधी दारात येऊन उभे राहिले. इतिहास-भूगोलाच्या बाई तेव्हा फळ्याकडे तोंड करून लिहीत होत्या.

"कुठले आपण?" मागून ढब्बूचा आवाज आला. बाईंच्या हातातला खडू मोडला.

"मी तपासनीस."

"तो तुमचा हुद्दा झाला. देश कुठला?"

"सर, या ना, आत या!" बाई धावल्या. "ढब्बू, बाजूला हो!"

"असू द्या," तपासनीस म्हणाले. त्यांनी फरशीवरच्या रेघा बघितल्या, आपल्यासाठी ठेवलेली मागची खुर्ची बघितली, आणि मधले देश मोजले. "तिथपर्यंत जायला काय करावं लागेल?"

"तह नसेल तर प्रत्येक देशात एका प्रश्नाचं उत्तर," वकीलबाई म्हणाल्या. "चुकलं तर तिथंच मुक्काम."

बाईंनी डोळे मिटले. सहा वर्षं डोळ्यांसमोरून गेली, आणि शेवटी सासूबाई दिसल्या.

चिलीतून तपासनीस सुटले. तांबं कुठल्या खाणीत मिळतं एवढंच ढब्बूला विचारायचं होतं. मग मुंगी उठली. "सर, बोलिव्हियाचं आरमार आहे का?"

"बाळ, समुद्रच नाही तर आरमार कसलं?" तपासनीस पहिल्यांदाच हसले.

"आहे, सर. तळ्यावर आहे. खरे खलाशी, खऱ्या बोटी."

वर्ग हळहळला. "असू द्या, सर," ढब्बू म्हणाला, "मला पण माहीत नव्हतं." आणि त्यानं सरकून तपासनीसांना आपल्या बाकावर जागा करून दिली. तपासनीस खरोखरच बसले. गुडघे बाकात मावेनात, फाईल मांडीवर.

"पण मला सांग," ते मुंगीला म्हणाले, आता आवाज तपासणीचा नव्हता, "समुद्र गेला, तरी आरमार कशाला ठेवायचं?"

मुंगीनं जरा विचार केला. "सर, तह व्हायच्या आधी मला पाणी भरायला जाता येत नव्हतं. पण मी रिकामी बाटली रोज आणायची. रस्ता मिळाला आणि बाटलीच घरी राहिली, असं व्हायला नको ना."

तपासनीसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मोठ्या बाई धापा टाकत दारात आल्या, तर ढब्बूनं त्यांनाही अडवलं. "देश?" त्या इतक्या गोंधळल्या की त्यांनी घरचा पत्ता सांगितला.

तपासनीसांनी अहवाल तिथंच, ढब्बूच्या बाकावर लिहिला. ढब्बूनं पेन उसनं दिलं. बाईंना लांबून एकच ओळ वाचता आली: 'कायम करण्यास अत्यंत योग्य.' 'अत्यंत'खाली रेघ होती. बाई पदराआड, म्हणजे हजेरीपटाआड, डोळे पुसायला वळल्या. मुंगीनं न विचारता आपला रुमाल पुढे केला.

चार वाजून वीस मिनिटांनी तपासनीस फाटकापाशी उभे होते. "पाचच्या आत कचेरी गाठायचीय. लांब आहे का?"

"छे! वीस मिनिटं. पूर्वेला सरळ चालत जायचं, वळायचंच नाही."

कचेरीत बाई स्वतः कधी गेल्या नव्हत्या. सहा वर्षांत त्यांचे अकरा अर्ज तेवढे गेले होते, तेही टपालानं. पण गावाचा नकाशा त्यांना पाठ होता.

"बरोबर शिपाई देऊ का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"कशाला? भूगोलाच्या बाईंनी सांगितलंय. अजून काय पाहिजे?" तपासनीस म्हणाले. "पूर्व म्हणजे अशी ना?"

"अशी," बाई म्हणाल्या, आणि न घुटमळता हात लांब केला. तपासनीस झपाझप चालू लागले. बाईंनी घरी फोन लावला. "आई, झाले मी कायम!" पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "थांब, शेजारणीला बोलावते. हे तिच्या कानांवर पडायला हवं."

आभाळ ढगाळ होतं, सूर्य दिसत नव्हता. सातवी ब च्या जगात गेले दोन आठवडे फळा उत्तरेला होता. शाळेचा फळा खरं तर दक्षिणेला आहे. बाईंनी दाखवली ती सातवी ब मधली पूर्व. चार वाजून पन्नास मिनिटांनी तपासनीस गावाच्या पश्चिम टोकाला, गुरांच्या दवाखान्यात पोहोचले.