पहिलं बोट

श्रीधर सरांनी शाळेतली नोकरी सोडून सौंसरच्या बसस्टँडमागे कोल्ड क्रीमचा कारखाना काढला, ती गोष्ट चौऱ्यांशी सालची. कारखाना कसला, दोन खोल्या आणि एक मोठं पातेलं. लोकरीची चरबी आणि मधमाशांचं मेण एकत्र वितळवायचं, पाणी तेवढंच गरम करायचं, मग दोन्ही मिसळून घोटत बसायचं. घोटायची केसरबाई. तिच्या हातची क्रीम कधी फाटली नाही.

"कातडीचं आपलं तेल राहते, केसरबाई," सर सांगायचे. "ते गेलं का भेग पडते. आपण गेलेलं परत भरून राहिलो, बस."

नियम एकच. प्रत्येक घाण्याच्या पहिल्या डबीत केसरबाईनं बोट घालायचं, मनगटावर चोळून बघायचं, मगच बाकीच्या डब्यांना झाकणं. दुसऱ्या कोणाचं बोट चालत नसे. बाई नियमाची इतकी पक्की, की तिची एकुलती लेक कमल कापूस वेचता वेचता टाचा फुटल्या म्हणून दारात आली, तर तिलाही सूट नाही.

"माय, एक बोट दे ना वं."

"मालकाचा माल हाय तो. घरी जाऊन गोडं तेल लाव."

त्याच भेगांतून शेतातली घाण शिरली. नवव्या दिवशी धनुर्वातानं पोर गेली. असलं इमान काय जाळायचंय?

केसरबाई पुन्हा कामावर आली त्या दुपारी, बोट घालायला तिनं पहिली डबी उचलली, तर आत आधीच कुणीतरी बोट फिरवलेलं. डब्या भरणाऱ्या गुणवंतानं शपथ घेतली, "म्या हातही नाही लावला, मावशी." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं डबी उजेडात धरली. ओरखडा शेवटाला डावीकडे वळला होता. कमलचं बोट लहानपणी दारात चेंगरून तसंच वाकडं झालेलं. केसरबाईला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त आशा वाटली.

चौथ्या दुपारी सर आणि गुणवंता जेवायला गेल्यावर तिनं फरशी पुसली, उघडी डबी उंबऱ्याशी ठेवली आणि भिंतीला टेकून पाय पसरले.

"ये पोरी. घे, पाहिजे तेवढी घे. तुही माय चुकली वं."

रडता रडता तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा डबी तळापर्यंत निपटलेली होती. घेतली बाई एकदाची! केसरबाई हरखून उठली, आणि उठताना तिला कळ आली नाही. तीस वर्षं प्रत्येक पावलाला टोचणाऱ्या तिच्या टाचा.

तिनं पाय उलटा करून पाहिला. एकूण एक भेग क्रीमनं भरलेली होती, वाकड्या बोटानं, निगुतीनं.

तिथून दारापर्यंत पुसलेल्या फरशीवर तेलकट पावलं उमटली होती. त्या पावलांच्या टाचा तशाच फुटलेल्या होत्या.