उस्तादांकडून न सरकलेलं बटण

मित्रांनो, मी एक जुनी झूम लेन्स आहे आणि मला माणसांचं फारसं कौतुक नाही. आधीच सांगितलेलं बरं. माझ्या अंगावर सोनेरी अक्षरांत 'मॅक्रो' असं लिहिलं आहे. मॅक्रो म्हणजे बारीकशी वस्तू जवळून, मोठी करून टिपणं. खऱ्या मॅक्रो लेन्समधून मुंगी कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यावर जेवढ्यास तेवढी उमटते. मी निम्मी उमटवते. फुशारकी लिहिणाऱ्याची, माझी नव्हे.

माझे पहिले मालक समारंभांचे फोटो काढत. ते स्वतःला उस्ताद म्हणवून घेत, आणि वाद नको म्हणून बाकीचेही तसंच म्हणत. माझ्या कुशीत एक छोटं बटण आहे. झूमची फिरती कडी एकशे ऐंशी ते तीनशे या आकड्यांच्या मध्ये असेल तरच ते मॅक्रोकडे सरकतं. उस्तादांनी कडी सत्तरवर ठेवली आणि बटण अंगठ्याने रेटलं. मग नखाने. मग चक्क किल्लीने! माहितीपुस्तिकेचं प्लास्टिक फोडावं हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

एकदा चुकून कडी दोनशेवर असताना बटण सरकलं. उस्तादांनी लगेच मला एका नवरीच्या अंगठीला जवळजवळ टेकवलं. अहो, मला वस्तू कॅमेऱ्यापासून निदान मीटरभर लांब लागते! फोटोत नुसता धुरळा उमटला. ते कडी मागे फिरवायला गेले, तर ती एकशे ऐंशीवर अडली. बटण मॅक्रोवर असलं की ती अडणारच.

"झूमपण गेला. भंगार माल!" उस्ताद म्हणाले आणि मला ओलसर कपाटात टाकलं. पुढचं झाकणसुद्धा लावलं नाही. तिथे माझ्या काचेवर बुरशीचा एक बारीक धागा उगवला. तो आजही आहे.

उस्तादांच्या थोरल्या बहिणीची, ताईंची, रोपवाटिका होती. मी कपाटात पडल्याच्या नवव्या वर्षी तिथल्या चारशे लिंबाच्या रोपांवर कापसासारखी पांढरी कीड दिसू लागली. कीटकशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना ताईंनी फोनवरून फोटो पाठवले. "हे नुसते पांढरे ठिपके आहेत. नीट फोटो पाठवा," असं उत्तर आलं.

"ही घे ताई. बिघडलेलीच आहे, तुझ्या किड्यांना चालेल," म्हणत उस्तादांनी मला, एका जुन्या कॅमेऱ्यासकट आणि न उघडलेल्या पुस्तिकेसकट, ताईंच्या हातात कोंबलं.

ताईंनी चष्मा लावला, प्लास्टिक फोडून पुस्तिका उघडली आणि उभ्या उभ्याच वाचून काढली. कडी तीनशेवर नेली. बटण टक्कन सरकलं. इतकं सोपं होतं ते!

तिकडे माळीकाका औषधाचा पंप पाठीला लावून तयार होते. "ताई, वारा पडलाय तोवर फवारून घेऊ या की."

"काका, अर्धा तास थांबा. आणि जरा हा पुठ्ठा धरा, एवढ्याशा वाऱ्यानेही पान हलतंय."

पहिले वीस फोटो उस्तादांना शोभतील असे आले. मग ताईंनी कॅमेरा स्टुलावर टेकवला, माझं छिद्र लहान केलं, म्हणजे किड्याचं पुढचं-मागचं दोन्ही स्पष्ट येईल. फोकसच्या कडीशी खेळत बसण्यापेक्षा स्टूलच बोटभर पुढेमागे सरकवलं आणि श्वास रोखून कॅमेऱ्याचं बटण दाबलं. एकविसावा फोटो मला स्वतःला आवडला. मला असं क्वचित होतं. ताईंनी तो लगेच बाईंना पाठवला.

थोड्या वेळाने बाईंचा फोन आला. "फवारलंत का?"

"अजून नाही."

"मग फवारूच नका! छोटे, चपटे दिसतायत ते पिठ्या ढेकूण, तीच तुमची कीड. पण लांब पांढरे केस असलेल्या मोठ्या आहेत ना, त्या ढालकिड्याच्या अळ्या आहेत. त्या ढेकूण खातायत. औषध मारलंत तर आधी त्याच मरतील."

काकांनी पंप पाठीवरून उतरवला. "आणि मी यांनाच मारायला निघालो होतो," ते हळूच म्हणाले. तीसेक रोपं गेली. बाकीची महिन्याभरात हिरवीगार झाली.

उस्ताद आले आणि भिंतीवरचा तो फोटो बघतच राहिले. "नवीन लेन्स घेतलीस?"

"तुझीच आहे."

त्यांनी मला कॅमेऱ्यासकट उचललं आणि सवयीने अळी बसलेल्या एका पानाला नाक टेकवल्यासारखं चिकटवलं. "काही दिसत नाही गं."

"मागे सर."

"किती?"

"आणखी."

ते सरकले, आणि अळीचा एकेक केस त्यांना दिसला. मग म्हणाले, "ताई, ही परत देतेस?"

"नाही," ताई म्हणाल्या आणि माझं झाकण लावलं.

मित्रांनो, आम्हाला कोरड्या जागी ठेवा, झाकण लावा, आणि एखादी वस्तू बिघडली म्हणण्याआधी तिच्याबद्दल चार ओळी तरी वाचा. माझी एवढीच विनंती आहे. तुम्ही ती मानाल असं मला मुळीच वाटत नाही. पण कोणी 'मागे सर' म्हणालं, तर निदान तेवढं तरी ऐका. उस्तादांना त्या दोन पावलांसाठी नऊ वर्षं लागली.