खरा हात माझ्यापाशी आहे

साहेब, तुम्ही एका आईला चोर ठरवलंत. तेही तिचा एक हात न बघता.

मित्रांनो, मी एक जुनी गोणी आहे. गिरणीत विणली गेले, धान्य वाहिलं, फाटले. मग पट्ट्या कापून मला डोंगरावरच्या खोदकामावर पाठवलं. तिथे आजवर कुणी न पाहिलेल्या जातीचा डायनासोर सापडला होता. सांगाडा मोठा, म्हणून त्याचे भाग दगडासकट उचलायचे होते. ओल्या प्लॅस्टरमध्ये बुडवून मला एका भागाभोवती गुंडाळलं. त्यात दगड झालेली अंडी होती, गोल मांडलेली, आणि त्यांच्यावर पसरलेला एक हात.

"हळू काय हळू! दगड गुंडाळतोय की बाळंतीण?" एक मजूर कुरकुरला.

"बाळंतीणच आहे," खोदकामाच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "हात बघ कसा ठेवलाय."

ट्रक खडखडत आला, पण मी एकाही अंड्याला धक्का लागू दिला नाही. बाईंनी मला थोपटलं. शाबासकी काय ती तेवढीच.

संग्रहालयात बाकीचे भाग उघडले. माझी पाळी येण्याआधीच उद्घाटनाची घाई झाली. सांगाड्याला एक हात कमी पडला, तर संग्रहालयाच्या साहेबांनी तो प्लॅस्टरचा करून घेतला. तोही जणू परक्या अंड्यावर झडप घालणारा! नव्या जातीचं नाव ठेवलं 'अंडीचोर'.

मला तळघरात टाकलं होतं, तिथे येऊन बाई भांडल्या. "साहेब, हा भाग उघडा. एका फुटक्या अंड्यात पिल्लू दिसलं होतं मला. तिच्याच जातीचं."

"नाव छापून झालंय, बाई. आता स्वतःचं हसं करून घेऊ?"

"म्हणजे तुमची अब्रू राखायला तिची घालवायची?"

"ती मेली कधीच. तिला काय फरक पडतो?"

बाईंची बदली झाली. मी इथेच राहिले. डोक्यावर नळ गळतो. प्लॅस्टर फुगलंय, माझे धागे कुजलेत. मी सुटले की अंड्यांचा चुरा होईल, आणि तिच्या बाजूने बोलणारं कुणी उरणार नाही.

वरच्या दालनातून हसणं ऐकू येतं. "ए, चोर बघ, चोर!" मित्रांनो, तुमचा दोष नाही. पाटीवर आहे तेच तुम्ही वाचता. पण पुढच्या वेळी तिचे दोन्ही हात नीट बघा. एकाचा रंग वेगळा आहे.

आणि साहेब, तिला फरक पडत नाही ना? मग तुम्हाला भीती कशाची? करवत समोरच खुंटीला टांगलीय. मला कापा, मी त्यासाठीच आहे. कधी कापता, बोला.