सहाणेवरचं रक्तचंदन

नंदाबाईचं ते वागणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. घरात कुणी नाही असं बघून यायचं, मला कोनाड्यातून उचलायचं, रक्तचंदनाचं खोड माझ्यावर खसाखसा उगाळायचं, लेप घेऊन आतल्या खोलीत जायचं, आणि मला धुऊन जागच्या जागी ठेवायचं. दगडाला काय कळतंय, असं तिला वाटलं असणार. कळतं बरं!

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. पाथरवटाने मला काळ्या खडकातून काढलं, टाकीचे घाव घालून गोल केलं. साळूबाई लग्न होऊन केदारखेड्याला आली, तेव्हा तिच्या आईने मला आंदण दिलं. पाटा माझ्याहून मोठा, पण त्याच्या नशिबी मिरच्या. माझ्याकडे औषधाचा मान. या घरातल्या सात लेकरांची गुटी माझ्यावर उगाळली, आणि सातही धडधाकट निघाली.

साळूबाईची जीभ म्हणजे धार लावलेला विळा. कुणी आजारी पडलं की तिचा पहिला सवाल, "काय खाल्लं व्हतं?" वर म्हणायची, "आमच्या घरी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी अन् दिवसभर रानातलं काम. रोग बसून खाणाऱ्याला व्हतो, आम्हाला बिलकुल न्हाई."

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली होती. साळूबाईची लेक रजनी बाळंतपणाला आली होती. त्याच दिवसांत सून नंदाबाईने आधी वांगं सोडलं, मग दही, मग भाकर अर्ध्यावर आणली.

"काय गं, भाकरीवर रुसलीस का?" साळूबाईने टोमणा मारला.

"भूक न्हाई, आत्याबाई."

एका दुपारी ती लेप उगाळून उठते तोच तिचा नवरा गिरिधर ओरडला, "बैल सुटला, जल्दी ये!" ती तशीच पळाली. मी बिनधुतलेली राहिले. थोड्या वेळाने साळूबाईने नातवाच्या गुटीसाठी माझ्यावर हळकुंड फिरवलं, तर गुटी लाल!

"हे कुणाचं औषध?"

"माझं न्हाई, आई," रजनी म्हणाली.

दारात नंदाबाई उभी होती. तिने पदर छातीशी घट्ट धरला. साळूबाईने तिला आत नेलं, दार लावलं. मला खाली ठेवायचं तिला भानच नव्हतं, म्हणून मीही आत गेले. नंदाबाईच्या डाव्या छातीत बोराएवढी गाठ होती.

"कवापासून?"

"संक्रांतीपासून. दुखत न्हाई, म्हणून…"

"मला सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही म्हणल्या असत्या, काय खाल्लंस."

साळूबाईने नंदाबाईचा पदर हळूच नीट केला. एवढ्या वर्षांत तिचा हात इतका हळू चाललेला मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी साळूबाई, गिरिधर आणि नंदाबाई अशी तिघं जालन्याला निघाली. कसला लेप ते दाखवायला साळूबाईने मलाही गाठोड्यात बांधलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, म्हणून नंदाबाईने पदर सोडला. बाईंनी विचारलं, लेकरं किती, अंगावर पाजलंत का, खाता काय, काम काय करता. प्रत्येक जबाब साळूबाईने ताठ मानेने दिला.

"सगळं चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "साधं खाणं, हलतं अंग, लेकराला अंगावर पाजणं, यानं धोका कमी होतो. पण कमी होतो, संपत नाही. हे सगळं करणारीलाही गाठ येते. आणि पोटाला उपाशी ठेवून ती जात नसते. लेपात वेळ घालवलात; तरी गाठ अजून लहान आहे."

"मंग काढा," साळूबाई म्हणाली. डोळे पुसायला तिने तोंड भिंतीकडे केलं.

गाठीबरोबर छातीची एक बाजू काढावी लागली. नंदाबाई महिनाभर तिथे राहिली. आज सहा वर्षं झाली, निंदणीत तिच्या पुढे कुणी जात नाही. बाटलीतली औषधं आल्यापासून मला मात्र कुणी फारसं विचारत नाही. असू दे. मित्रांनो, मला वापरलंत की धुऊन ठेवा, एवढंच मागते. बाळाची पोटदुखी माझ्याकडे आणा. अंगातली गाठ माझ्याकडे आणू नका, ती डॉक्टरला दाखवा. मी दगड आहे, तिचं मला काही करता येत नाही.

नंदाबाई घरी आली त्या दिवसाचं तेवढं सांगते. गल्लीतल्या बाया बघायला जमल्या. "काय झाल्तं गं?" उषाबाईने विचारलं. नंदाबाईने पदर ओढून घेतला आणि पुटपुटली, "पोटाचं दुखणं व्हतं."

साळूबाईने हातातली परात दाणकन खाली ठेवली.

"पोटाचं न्हाई, छातीचं! गाठ व्हती, कापून काढली, माणूस घरी आणलं. त्यात लपवायचं काय हाय? नंदा, इकडं बघ. तुझ्या खाण्यात खोट न्हाई, कामात न्हाई. चूक एकच केलीस. माझ्या जिभेला भ्यालीस, अन् गाठीला भ्याली न्हाईस. येडी कुठली! बस आता, पोटभर जेव."