रोवणं झालं, बाई

आमच्या 'चौथी बांधी' बँडबद्दल आजवर जे काही छापून आलं, त्यातलं निम्मं अश्विनने रचलेलं आहे. तो पुण्यात असतो, मुलाखती देतो, आणि आम्ही मोहाच्या झाडाखाली बसून सराव करायचो असं दरवेळी सांगतो. मोह-बिह काही नव्हता. सुगतच्या शेतात धानाच्या चौथ्या बांधीजवळ, म्हणजे चौथ्या खाचराजवळ, धुऱ्यावर, दोन खाचरांमधल्या बांधावर, मोटारपंपाची खोली होती. वीज तिथेच होती म्हणून तिथे बसायचो. नाव तिथून आलं.

आम्ही चौघं. सुगत माझा चुलतभाऊ, त्याची गिटार. शहापूरचा संघपाल ढोलकी आणि ड्रम दोन्ही वाजवायचा. अश्विन भंडाऱ्याच्या हातमागवाल्यांच्या घरातला, तो कीबोर्डवर. आणि गाणारी मी, दीपमाला. ज्या गाण्याने आमचं नाव झालं ते मात्र चौघांपैकी कुणाचंच नव्हतं. ते माझ्या मायचं होतं. आणि नाव झालं त्या वर्षापासून माय गायची थांबली, ती माझ्यामुळे. हे अश्विन सांगत नाही, कारण त्याला ते माहीत नाही.

आमचं गाव लाखनीपासून सहा किलोमीटर. तिथे रोवणीला बाया ओळीने वाकतात आणि परे, म्हणजे धानाची रोपं, लावत लावत मागे सरकतात. माझी माय, तुळसा, एक ओळ म्हणायची आणि बाकीच्या ती उचलायच्या. दरवर्षी माय गाण्यात एक नवी ओळ घालायची. ती राहणार की नाही हे बायांच्या हातात. त्यांनी उचलली तर राहिली, नाही उचलली तर चिखलात गेली. गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी तिने म्हटलं, "जिल्हा तुटला बाई, धुरा नाही तुटला." ती राहिली. मी बारावी पास झाले त्या वर्षी म्हटलं, "लेक बारावी झाली बाई, पेंडी तिले जड झाली." पेंडी म्हणजे पऱ्यांची जुडी. सगळ्या हसत हसत उचलून मोकळ्या झाल्या. मी आठ दिवस मायशी बोलले नाही.

एक ओळ मात्र ठरलेली होती. "रोवणं झालं बाई, हात धुवा." ती गावातली शेवटची बांधी लावून झाल्यावरच म्हणायची. एकदा म्हटली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत गाणं बंद. चुकून कुणी आधी म्हटली तर बाया तिला चांगलंच फैलावर घेत.

दोन हजार सहा साली आम्ही नागपूरला गाणं रेकॉर्ड करायला गेलो. तीनचार वेळा वाजवून झालं, पण ते थांबवायचं कुठे हे कळेना. अश्विन वैतागला.

"गाण्याले शेवट पाहिजे ना. असं किती वेळ मागं मागं सरकत राहाचं?"

"शेवट आहे," मी म्हटलं.

आणि ती ओळ म्हटली. संघपालने तीन थापा दिल्या. स्टुडिओवाल्याने काचेपलीकडून अंगठा दाखवला. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की नागपूर ते लाखनी एसटीत मी खिडकी सोडली नाही.

त्या दिवाळीनंतर गावोगावच्या मंडयांत, म्हणजे रात्री नाटकं होणाऱ्या जत्रांत, आम्ही वाजवलं. पुढच्या वर्षी तर नाटकवाले आमच्या तारखा बघून आपले प्रयोग लावू लागले. मोबाईल आले तसं गाणं मोबाईलवर आलं. लग्नात पंगत उठायच्या वेळी डीजेवाले मुद्दाम "हात धुवा" लावायचे, आणि लोक हसायचे. मीही हसायचे. बँड सात वर्षं चालला. मग संघपालला रेल्वेत नोकरी लागली, अश्विन पुण्याला गेला, मी भंडाऱ्याला सरकारी ऑफिसात चिकटले. भांडण झालं नाही. सुगत अजून लाखनीच्या पोरांना गिटार शिकवतो, आणि प्रत्येक पोर पहिलं गाणं तेच वाजवतं. मागे काय राहिलं म्हणाल तर एवढं राहिलं.

मायचं मला उशिरा कळलं. गाईनाशी झाली तेव्हा वाटलं, दम लागत असेल. मग एका रोवणीच्या पहिल्याच दिवशी मी डबा घेऊन शेतावर गेले. टोळीची मुकादम धुरपता. तिने धुऱ्यावर काठी रोवून मोबाईल टांगला होता आणि त्यावर मी गात होते. बाया माझ्याबरोबर म्हणत होत्या. शेवटची ओळ आली, तीन थापा पडल्या, बाया गप्प झाल्या. मग धुरपताने हात पुसून गाणं पहिल्यापासून लावलं.

संध्याकाळी मी मायला विचारलं, "माय, तू काहून नाही म्हणत?"

"काय म्हणू? सकाळी नऊ वाजता तुझं रोवणं होऊन राहिलं. हात धुऊन झाल्यावर कोणी नवी ओळ घालते का?"

ती चिडून बोलली नव्हती. भाकरी थापता थापता सांगितलं. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. सगळ्या जिल्ह्यात माझा आवाज वाजत होता आणि माझ्या मायच्या तोंडाला मीच कुलूप लावलं होतं. लाखनीला मोठा कार्यक्रम करून आम्ही तिचा सत्कार केला. तिने शाल घेतली, गा म्हटल्यावर हात जोडले आणि शेवटच्या एसटीने घरी आली. शाल पेटीत ठेवली.

गेल्या जुलैत मी पंधरा दिवसांची रजा टाकली आणि रोवणीला उतरले. धुरपताने मला आपादमस्तक पाहिलं.

"साहेबीण, जमन का तुले?"

"जमन. तो मोबाईल बंद कर फक्त."

"मंग म्हणन कोण?"

"मी."

माय ओळीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने वर पाहिलं नाही. मी सुरू केलं. बाया उचलत गेल्या. जिल्हा तुटला ती ओळ झाली, माझ्या बारावीची झाली. तिथे सवयीने सगळ्या थांबल्या, "हात धुवा"ची वाट पाहत. मी शेवटची ओळ म्हटली नाही. त्या जागी म्हटलं,

"गाणं गेलं नागपूरले बाई, माय राहिली बांधीत."

कुणी उचलली नाही. ही ओळ त्यांच्या मोबाईलवर नव्हती. पाण्यात परे खोचल्याचा आवाज तेवढा येत होता. धुरपता माझ्याकडे बघत होती. मी दोन पावलं मागे सरकले, पऱ्यांचे दोन चुडे लावले. ओळ गेली चिखलात, असं मनाशी म्हटलं. रजा फुकट गेली.

मग पलीकडच्या टोकाकडून आवाज आला. बारा-तेरा वर्षं न वापरलेला, खरखरीत. "माय राहिली बांधीत." एकदा एकटीने. दुसऱ्यांदा धुरपताने साथ दिली, आणि मग सगळ्यांनी. मला रडू आलं. हात चिखलाचे होते, पुसायला काही नव्हतं, म्हणून तशीच लावत राहिले.

बाया थांबल्या तशी मायने, मान वर न करता, पुढची ओळ घातली.

"लेक आली रोवाले बाई, परे वाकडे लावते."

ती ओळ सगळ्यांनी पहिल्या झटक्यात उचलली, धुरपताने तर दोनदा. मी माझ्या पुढ्यातल्या रांगेकडे पाहिलं. वाकडेच होते.