दोरा न ओवता चाललेली मशीन

मी एक जुनी पायाची शिलाई मशीन आहे. मित्रांनो, माझा काळा रंग आता ठिकठिकाणी उडाला आहे आणि अंगावरच्या सोनेरी वेलीची जेमतेम साडेचार पानं उरली आहेत. पण मी रडगाणं गाणार नाही. मी मत्सरी आहे, हे मात्र आधीच सांगून टाकते. तुम्हाला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं तर मला चालणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला जोडून झाल्यावर एका कामगाराने माझं चाक फिरवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "हिचा आवाज छान आहे." तेव्हापासून मला माझ्या आवाजाचा भारी गर्व. माझ्या पुढच्या सगळ्या मूर्खपणाची सुरुवात तिथे आहे.

मला एका शिवणशिक्षिकेने विकत घेतलं. तिला डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा तिने मला आपल्या सर्वांत हुशार विद्यार्थिनीच्या हवाली केलं. तीच माझी मालकीण. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मी, समोर उंच आरसा, बाजूला शाळेच्या गणवेशांचा ढीग. आतल्या खोलीत संसार. मालकीणबाईंचे यजमान शहराची बस चालवायचे आणि घरी आल्यावर तोंड चालवायचे, पण माणूस मनाने चांगला. सकाळी चहाचा कप तोंडाला लावण्याआधी मालकीणबाई मला पुसत, दोन थेंब तेल घालत. गिऱ्हाइकं म्हणत, "तुमची शिलाई म्हणजे रुळाने आखल्यासारखी!" मी फुगून जाई. मालकीणबाई माझ्या होत्या आणि मी त्यांची. यात तिसऱ्याची गरज नव्हती.

आणि मग ती आली. त्यांची मुलगी.

तिचं नाव सगळ्यांनी भिंगरी ठेवलं, कारण रांगायला लागल्यापासून ती माझं चाक हाताने गरगर फिरवायची. तिचा पाळणा माझ्या शेजारी आला आणि माझं तेल आठवड्यावर गेलं. ती रडली की मालकीणबाई शिवण अर्धवट टाकून उठत. माझी सुई कापडात रुतलेली, आणि मी तशीच ताटकळत. मित्रांनो, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

भिंगरी सहा वर्षांची असताना तिचे डोळे सारखे मिचकायला लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले. मिचकणं थांबलं, पण मान एका बाजूला झटकायला लागली. मग घशातून आवाज यायला लागला. "हुप्!" असा, उचकी आणि भुंकणं यांच्या मधला. कधी दिवसाला चार वेळा, कधी मिनिटाला चार वेळा. घशाचं औषध झालं, मध झाला, रागावणं झालं.

"एकदा तरी थांब ना गं!" मालकीणबाई म्हणत.

"थांबवते आई. पण मग आत साठतं."

"लाडावून ठेवलंयस तू तिला," यजमान म्हणत. "लक्ष द्यायचं बंद कर, आपोआप बंद होईल."

एकदा पडद्यांचं माप द्यायला एक जाड चष्म्याच्या बाई आल्या होत्या. आतून तीनदा "हुप्" ऐकू आलं. त्या हसून म्हणाल्या, "अय्या, कुत्र्याचं पिल्लू आणलंत वाटतं?" त्या संध्याकाळी मधल्या दाराला नवी कडी बसली.

तेव्हापासून माझे सुखाचे दिवस सुरू झाले. घंटी वाजली की भिंगरी आत जाई, दार लागे. आतून "हुप्" आलं रे आलं की मालकीणबाई हातातली टेप टाकून माझ्याकडे धावत आणि पायडल जोरात मारत. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही, तरी मी खडखड, खडखड पळतेय. गिऱ्हाईक जाईपर्यंत त्या माझ्यापासून हलत नसत. मला वाटलं, जिंकले मी! पोरगी तोंड उघडते आणि आई तिच्याकडे न जाता माझ्याकडे येते. काम नसतानाही येते. याला प्रेम नाही तर काय म्हणायचं? मी आणखी मोठ्याने वाजायला लागले. दाराआड भिंगरी उशीत तोंड खुपसून बसते, हे मला माहीत होतं. खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं नाही.

अशी तीन वर्षं गेली. मग माझा टाका सुटायला लागला. कापड पुढे सरकेना, जागच्या जागी गोळा होई. मालकीणबाईंनी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणजे हडकुळा, मिशाळ माणूस, बोलायला कंजूष. त्याने मला आडवं केलं, खालची पट्टी काढली आणि कापड पुढे ढकलणाऱ्या माझ्या दातांवरून बोट फिरवलं.

"ताई, हे दात कापडाने झिजलेले नाहीत."

"म्हणजे?"

"वरचा, कापड दाबणारा लोखंडी पाय खाली टाकून मशीन रिकामी चालवलीय. लोखंडावर लोखंड घासलंय. तेही एक-दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं. तुमच्यासारखी कारागीर बाई असं का करेल?"

तेवढ्यात आतून आवाज आला. "हुप्! हुप्!" मालकीणबाईंचा पाय सवयीने पायडलवर गेला. पण मी तर पोट उघडं टाकून आडवी पडले होते. पायडल नुसतंच हललं, आवाज झाला नाही. आणि त्या शांततेत भिंगरी तीन वर्षांत पहिल्यांदा बाहेरच्या खोलीत स्वच्छ ऐकू आली. "हुप्!"

मिस्त्रीने एकदा दाराच्या कडीकडे पाहिलं, एकदा माझ्या दातांकडे. पाना खाली ठेवला.

"किती वर्षांची आहे?"

"नऊ," मालकीणबाई कशाबशा म्हणाल्या.

"माझ्या धाकट्या भावालाही हेच आहे. टुरेट सिंड्रोम म्हणतात, आवाज आणि झटके आपोआप येतात. आमच्या आईने आठ वर्षं त्याला मारून पाहिलं, बिचारीला ठाऊकच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा भावापेक्षा तीच जास्त रडली." मग त्याने हत्यारांच्या पेटीतून, तेलाच्या फडक्याखालून, एक पातळ निळी पुस्तिका काढली. "हे वाचा. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये अशा मुलांची घरची माणसं जमतात. मुलंही असतात. तिथे कुणी कुणाला गप्प बस म्हणत नाही."

"माझ्यामुळे झालं का हो तिला?"

"नाही ताई. लाडाने होत नाही आणि माराने जात नाही. पान दुसरं, पहिलीच ओळ."

मला नवे दात बसले. पण माझं नशीब फिरलं. आता मालकीणबाई सकाळी मला पुसायच्या आधी ती निळी पुस्तिका हातात घेत. वाचून झाली की ठेवायची कुठे, तर माझ्याच फळीवर, माझ्या नाकासमोर! सोळा पानांची ती फाटकी सवत, अंगात ना चाक ना सुई. पण मालकीणबाई तिच्या ओळींवरून बोट फिरवत आणि डोळे पुसत. यजमानांनाही वाचून दाखवत. ते ऐकून यजमान चक्क गप्प बसले, जे मला वीस वर्षांत जमलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी तिघं बाहेर पडली. पुढच्या महिन्यातही. परत आली की तिथल्याच गप्पा. कुणाच्या मुलाला वर्गात दोन मिनिटं बाहेर जाऊन यायची मुभा मिळाली, मेंदूच्या कुठल्या डॉक्टरांची वेळ घ्यायची, आवाज येणार असं वाटलं की श्वास कसा सोडून पाहायचा. "तिथे एक दादा माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडतो," भिंगरी सांगायची, जशी काही एखादी शर्यत पाहून आली. घरात हसू यायला लागलं. मी कोपऱ्यात जळत होते. मी दोरा तोडला, सुया मोडल्या, एका गणवेशाची बाही उलटी लागली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. रिकामं चालणं तर बंदच झालं होतं. मालकीणबाईंचं माझ्यावर प्रेम उरलं नाही, असा मी निष्कर्ष काढला.

मग एका दुपारी घंटी वाजली. त्याच जाड चष्म्याच्या बाई, हातात झगा. त्यांना पाहताच मालकीणबाईंचा चेहरा उतरला. भिंगरी मुकाट्याने आत गेली, दार लोटलं. आणि पाचच मिनिटांत, "हुप्!"

मालकीणबाई माझ्यापाशी आल्या. बसल्या. पाय पायडलवर ठेवला. आली, माझी आली! मी चाक सैल सोडलं. दाब आता, दाब. पाय अर्धा दबलाही. सुई जराशी खाली आली. आणि तिथेच थांबली.

मी त्यांच्या इतकी जवळ होते की त्यांचं पाऊल थरथरत होतं ते मला कळलं. वीस वर्षं मी ते पाऊल ओळखते. ते प्रेमाने कधी असं थरथरलं नव्हतं. मित्रांनो, तेव्हा माझ्या लोखंडी डोक्यात उजेड पडला. ती तीन वर्षं त्या माझ्याकडे येत नव्हत्या. त्या मुलीपासून पळत होत्या, आणि लपायला मी सापडले होते.

मालकीणबाईंनी पाय उचलला. उठल्या, जाऊन मधलं दार सताड उघडलं.

"ते पिल्लू नाही, बाई. माझी मुलगी आहे. तिला टुरेट आहे. आवाज आपोआप येतो, ती मुद्दाम काढत नाही. भिंगरे, बाहेर ये गं. या काकूंच्या झग्यासाठी माप घ्यायचंय, टेपचं टोक धर."

चष्म्याच्या बाई लाल झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "दुखतं का गं तुला?"

"मान दुखते रात्री," भिंगरी म्हणाली. "पण 'गप्प बस' म्हटलं की आणखी जास्त येतं. हुप्! काकू, हात वर करा."

काकूंनी हात वर केले.

पुढच्या आठवड्यात मालकीणबाई वर्गशिक्षिकेला भेटायला निघणार होत्या. पुस्तिका सोबत न्यायची होती, पण ती शेजारणीकडे, यजमानांच्या डेपोत, सगळीकडे फिरून खिळखिळी झाली होती. पानं सुटली होती. मालकीणबाईंनी जाड सुई लावली, निळा दोरा ओवला आणि माझ्या सवतीला उघडून मधल्या घडीवर माझ्याच पायाखाली सरकवलं. चाक फिरवायला भिंगरी बसली.

सुई मोडायची ही नामी संधी होती. एक झटका दिला असता तर सोळाच्या सोळा पानांच्या चिंध्या झाल्या असत्या. भिंगरीची मान झटकली, चाकावरचा हात हलला. मी सुई जागच्या जागी धरून ठेवली. तिचा हात परत येईपर्यंत वाट पाहिली. मग सरळ शिवत गेले, रुळाने आखल्यासारखी.

मित्रांनो, मशीनला तेल घाला, धूळ पुसा, आणि तिला रिकामी कधी चालवू नका. कुणाच्या घरी नुसताच खडखडाट ऐकू आला, तर त्यामागे दाराआड कोण बसलंय ते विचारा, आणि ते मूल बाहेर आलं की टेपचं टोक त्याच्या हातात द्या. माझा मत्सर पुरता गेलेला नाही. भिंगरी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपते तेव्हा अजूनही मला पोटात दुखतं. पण मधल्या दाराची कडी काढून टाकली, तेव्हा तिचे चार खिळे मालकीणबाईंनी माझ्या खणात ठेवले. ते मी सांभाळून ठेवले आहेत, पुन्हा कुणाला सापडू नयेत म्हणून.